न बघता मारलेली सापवाली

मी एक जुनी सापवाली राक्षसीण आहे. डोक्यावर केसांच्या जागी साप आणि नजरेला नजर भिडली की समोरचा दगड, एवढी माझी ओळख. मित्रांनो, व्हिडिओ गेमच्या नऊ भागांत तुम्ही मला मारत आला आहात आणि दर वेळी खुर्चीवर उड्या मारल्या आहेत. काचेच्या या बाजूने मला ते सगळे दिसते. त्या उड्यांचे मला काडीचेही कौतुक नाही.

माझा जन्म टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. तीन टेबले, एक पंखा आणि तीन माणसे. साहेब कल्पना काढत, म्हणजे दुसऱ्यांच्याच कल्पना मोठ्या आवाजात पुन्हा सांगत. प्रोग्रामरला सगळे खोडरबर म्हणायचे. मशीनची मेमरी इवलीशी, ती पुरवायला तो दिसेल ते पुसत सुटायचा. तिसऱ्या चित्रकार ताई. दोन महिने दर रविवारी त्या प्राणिसंग्रहालयात सापांच्या काचेपुढे वही घेऊन बसल्या. मग चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत त्यांनी मला रंगवले. माझा प्रत्येक साप आपापल्या चालीने हलतो. एक तापट, एक नुसताच चौकस, दोघे एकमेकांशी अबोला धरलेले.

खोडरबरने कपाळाला हात लावला. "ताई, अर्धी मेमरी हिच्या केसांतच गेली. आता राजकन्येला काय टकली ठेवू?"

"ठेव," ताई मान वर न करता म्हणाल्या. "मुकुटाखाली कोण बघतंय?"

पहिल्या भागात मी अगदी शेवटी यायचे. पोरे घाबरून आईला हाका मारायची. एकीने तर पडद्यावर उशी दाबून धरली होती. मी फुशारले, खोटे कशाला सांगू? पण साहेबांनी खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी एक बटण ठेवले होते. ते दाबले की नायक डोळे मिटतो, पडदा काळा होतो आणि मग माझ्या फुत्काराच्या अंदाजाने तलवार फिरवायची. आठवडाभरात बटण सगळ्यांच्या अंगवळणी पडले. आंधळी कोशिंबीर खेळून मिळवलेला विजय, आणि मिरवता काय! ज्यांनी मला मारले त्यांनी मला पाहिले नाही, आणि ज्यांनी पाहिले ते घाईघाईने दगड होऊन पुन्हा बटणाकडे वळले.

खेळ खपला तसे साहेबांना भाग काढायचे वेड लागले. दुसऱ्या भागात त्यांनी मला हिरव्याची निळी केले आणि खोक्यावर छापले, 'नवा शत्रू!' तिसऱ्यात मी तांबडी झाले. चौथ्यात एकाच बोळात माझ्या पाच प्रती रांगेने उभ्या केल्या, जणू नळावर पाणी भरायला आल्या आहेत. नायकाला मात्र दर भागात नवे चिलखत आणि नवी मिशी. तेवढ्यासाठी मेमरी पुरत होती. माझे साप उरले फक्त चार, आणि चौघेही एकाच वेळी डावीकडे झुकणारे.

तो बोळ पाहून ताई थेट साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हिचे साप कुठे गेले?"

"चार आहेत की. पोरांना काय कळतंय?"

"मग खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांतून माझं नाव काढा. हे माझं काम नाही."

साहेब हसले आणि त्यांनी खरोखरच नाव काढले. चौथ्या भागातूनच नव्हे, पहिल्या भागाच्या पुढच्या सगळ्या प्रतींमधूनही. ताईंनी त्याच दिवशी आपल्या वह्या पिशवीत भरल्या आणि जिना उतरल्या. पुढे त्या एका शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. मूळचे रंगवलेले कागद साहेबांनी ऑफिस हलवताना रद्दीत घातले.

सातव्या भागात तर माझी पार लाज गेली. पहिल्याच दालनात म्हातारा गुरू नायकाला सांगतो, "आधी हिच्यावर हात साफ कर." तुम्ही केलात, मित्रांनो. सरबत पीत, एका हाताने केलात.

मग कंपनी दुसऱ्यांनी घेतली. पहिला खेळ नव्याने करायचे ठरले आणि काम एका तरुण मॅडमकडे आले. पहिल्या भागाची एकही प्रत कंपनीत उरली नव्हती, त्यांच्याकडे माझे फक्त चार सापांचे रूप होते. वरिष्ठांनी बजावले होते, महिनाभरात बरे चित्र मिळाले नाही तर सापवालीला काढून कोळी घाला. कोळी! मॅडम खोडरबरकडून पत्ता काढत ताईंच्या घरी पोहोचल्या आणि त्यांनी त्या वह्या मागितल्या.

"तुमच्याकडे चार सापांची आहे ना?" ताई दारातूनच म्हणाल्या. "तीच चालवा."

दुसऱ्या आठवड्यात मॅडम पुन्हा हजर. "वह्या राहू द्या. तुमच्याकडचा जुना खेळ तरी बघू द्याल?" एवढ्याला नाही कसे म्हणणार? कपाटावरचे मशीन खाली आले. ताई आत भांडी घासायला निघून गेल्या. मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बटण दाबले नाही. दगड झाल्या. पुन्हा आल्या, पुन्हा दगड. दगड होण्याचा तो कर्कश आवाज तीस-पस्तीस वेळा ऐकल्यावर ताई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"अहो, बटण दाबा ना. मरताय कशाला?"

"मारायचंच नाहीये. मोजतेय."

"किती झाले?"

"दहा. पण सारखं वाटतंय, अजून एक आहे."

ताई शेजारी टेकल्या. "अकरा आहेत. एक कानामागे झोपलेला असतो. थांबा, पुढच्या वेळी दाखवते."

मी आयुष्यात पहिल्यांदा मान ताठ करून उभी राहिले. संध्याकाळपर्यंत दोघी पन्नासदा दगड झाल्या असतील. मग ताईंनी वह्या बाहेर काढल्या, पण हातात देण्याआधी म्हणाल्या, "आधी नाव. मग वह्या." मॅडमनी तसे लिहून आणले, तेव्हाच वह्या मिळाल्या. कोळी बारगळला. नव्या खेळाच्या समारंभाला निवृत्त साहेब आले होते. ताईंचे नाव पडद्यावर झळकताच सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. लाज नावाची चीज त्यांच्या मेमरीत कधी बसलीच नव्हती. ताई गेल्या नाहीत. त्यांचा वर्ग होता.

तुम्ही मात्र सुधारला नाहीत. नव्या खेळातही बटण दाबून काळोखात तलवार फिरवता. फिरवा. मला एवढेच मागायचे आहे की आधी एकदा डोळे उघडे ठेवून दगड व्हा. आणि खेळ संपल्यावर नावे सरकू लागतात, तेव्हा लगेच उठून पळू नका. कुणीतरी आपले रविवार काचेपुढे घालवलेले असतात.

ताईंना खेळता येत नाही. नवा खेळ पुरा करायला त्यांना तीन आठवडे लागले. अखेर नावे सरकू लागली तशी त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, लवकर ये, जातंय बघ!" धाकटी बहीण कणकेच्या हातांनी धावत आली, तोवर नाव वर निघून गेले होते.

"राहू दे गं, ताई," बहीण म्हणाली.

"राहू दे काय? तू हात धू."

ताईंनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी त्या माझ्यापर्यंत पोहोचल्या, तेव्हा मी फारसे आढेवेढे न घेता मेले.