मोरचुदाचं पाणी

मेहकरच्या कॉलेजात चोपडे सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख होते. प्रयोगशाळेत ते यायचे फोटोपुरते. जयमाला त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती, आणि त्यांच्याविषयीचा तिचा आदर केव्हाच आटून गेला होता.

तिच्या काचेच्या भांड्यात मधोमध आडभिंत होती. एका बाजूला मोरचुदाचं निळं पाणी, दुसऱ्या बाजूला आम्ल, आणि दोन्हींच्या डोक्यावर केरोसीनचा थर. केरोसीनमध्ये मिसळलेलं रसायन निळ्या पाण्यातलं तांबं उचलून पलीकडे आम्लात सोडायचं. पडदाच तो, पण द्रवाचा. काम खात्रीचं, मात्र सावकाश.

तपासणीसाठी समिती यायची होती त्या सकाळी सर डोकावले.

"हे अजून निळंच दिसून राह्यलं."

"फिकट झालं, सर. संध्याकाळपर्यंत जाईल."

"पाहुण्यायले फिकट दाखवू काय?"

त्यांनी मोठ्या पिचकारीनं निळं पाणी ओढून सिंकमध्ये सोडलं आणि तिथं नळाचं भरलं. जयमाला बघत राहिली. या माणसाची सही आपल्या प्रबंधावर लागणार, याची तिला किळस आली.

समितीसमोर सर रंगात आले. "बघा, तांबं गायब. पाणी पिण्यालायक."

समितीतल्या हुस्नबानो मॅडमनी उभा जन्म रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्या भांड्यावर वाकल्या. "इकडचं सगळं गेलं, तर पलीकडे गडद निळं हवं. इतकं फिकं काऊन? बाकीचं तांबं कुठं आहे?"

"वरून उडून गेलं, मॅडम. बाष्पीभवन."

"तांबं उडालं?"

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. मॅडम जयमालाकडे वळल्या.

"सिंकमध्ये गेलं," जयमाला म्हणाली. "सरांनी ओतलं."

"उद्या येते मी. खरं दाखव."

पाहुणे गेल्यावर सर दात आवळून म्हणाले, "चार लोकांत मले पाडलं तू."

"उभे कुठं होते तुम्ही, सर?"

तिनं लगेच ताजं मोरचूद विरघळवलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा डावीकडचं पाणी जवळपास नितळ होतं आणि उजवीकडचं गर्द निळं. त्या खुर्ची ओढून बसल्या, कोणतं रसायन वापरलं, किती वेळ लागला, सगळं विचारलं, आणि प्रबंधासाठी दुसरा मार्गदर्शक मिळवून द्यायचं कबूल केलं. सर पोट बिघडलं म्हणून रजेवर होते.

रजा संपली तसे ते स्टाफरूममध्ये 'आमचा प्रयोग' म्हणत फिरू लागले. जयमालाच्या कानावर ते आलं. रागावण्याइतकाही तो माणूस तिला मोठा वाटला नाही.