साहेबाची बटणं

डॉक्टरची बटणं पुन्हा वकिलाच्या वाटीत गेली, तेव्हा धनराजने डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं. चुलीपुढे बसलेल्या गिरजाला हसू आलं.

"असू द्या जी. वकीलबी कधी कधी बिमार पडते."

"हाव," धनराज म्हणाला.

लकवा मारल्यापासून त्याच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी हाव, नको असलं तरी हाव. आणि हाच माणूस वीस-बावीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत साहेबांची कामं करत होता. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला त्याचा शब्द न शब्द ऐकू जायचा. घरात घालायला दुसरा धड सदरा नव्हता, पण बाहीच्या काजांत अडकवायच्या कफलिंकच्या सात जोड्या होत्या. जमीनदाराची पिवळी, वकिलाची काळी, डॉक्टरची शिंपल्याची. एक जोडी तर ऊर्जानगरच्या कुणा इंजिनियरने स्टेजवर येऊन, स्वतःच्या मनगटातून काढून दिलेली. पावसाळ्यात काळी पडू नयेत म्हणून धनराज ती दंतमंजनाने घासायचा आणि प्रत्येक वाटीत कापूस घालून निजवायचा. डबा अर्थात गिरजाचा, मसाल्याचा, तिच्या मामाने लग्नात दिलेला. तेव्हापासून तिखट-हळद कागदाच्या पुड्यांत आणि साहेब डब्यात. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, फक्त ते दुसऱ्याला द्यावं लागतं.

दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीज झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि नाटकं लागतात. त्याआधी कंपनीचा मॅनेजर खुशाल वडशाहून निघून कलावंत ठरवत फिरतो. यंदा तो आपल्याला न्यायला येणार, असं धनराजला वाटत होतं. गिरजाही त्याला रोज तेच सांगत होती. तसं म्हटलं की तो चार घास जास्त जेवायचा. गेल्या दिवाळीलाही तिने असंच सांगितलं होतं.

अंगणात मोटरसायकल थांबली आणि खरंच खुशाल उतरला. धनराजने खुंटीवरच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बोट केलं. गिरजाने आधी त्याचा मेलेला उजवा हात बाहीत सारला, मग डावा. त्याने डब्यातली पिवळी जोडी काढून दिली. तीही तिने त्याच्या मनगटांवर अडकवली. धनराज ताठ बसला. तोंड जरा वाकडं होतं, पण बसणं साहेबाचंच होतं.

खुशाल वाईट माणूस नव्हता, म्हणून मुद्द्यावर यायला त्याला अख्खा कप चहा लागला.

"भाऊ, औंदा साहेबाच्या पार्टाले नागपूरचा पोट्टा आनला. दिसाले चांगला हाये. पन कंपनीच्या ड्रेपरीतल्या शर्टाले नुसते काज हायेत, बटना नाईत. तुमचा डबा नेऊ काय? सीजन झाला का आनून देतो."

"हाव," धनराज म्हणाला आणि डाव्या हाताने डब्याचं झाकण दाबून धरलं.

खुशालने गिरजाकडे पाहिलं. "वहिनी, भाऊ तं हाव म्हन्ते ना?"

भाऊला दुसरं काही म्हणता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. गिरजाने नुसतं नाही म्हटलं असतं, तर तो मुकाट्याने परत गेला असता. पण डबा राहिला म्हणजे उद्या पुन्हा वाट्या मांडणं आलं, पुन्हा येणार-येणार आलं, आणि पुढच्या दिवाळीलाही तेच. तिला स्वतःच्या तोंडाचा वीट आला होता.

"तुमाले नाई नेत ते," ती धनराजला म्हणाली. "औंदाबी नाई, पुढंबी नाई. मीच खोटं सांगून राह्यली होती."

"हाव," धनराज म्हणाला. त्याचा हात हलला नाही.

मग तिनेच त्याची बोटं एकेक करून झाकणावरून सोडवली. धडधाकट हात होता, त्याने जोर लावला असता तर तिची काय टाप होती? करंगळी त्याने स्वतःच उचलली.

खुशालने डबा काखेत मारला. पहिल्या प्रयोगाला गाडी पाठवतो, पुढची खुर्ची ठेवतो, असं काहीबाही बोलत तो दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"वहिनी, ते... हातातलेबी. जमीनदाराले लागते."

गिरजाने तीही काढून दिली.

दुपारी तिने ताट वाढलं. सदरा बदलू द्यायला धनराज तयार नव्हता. मोकळ्या बाह्या पंजांवर लोंबत होत्या, डावी वरणात बुडाली. गिरजाने ती पिळली. मग आधी मेलेल्या हाताची आणि नंतर दुसऱ्या हाताची बाही तिने कोपराच्या वर दुमडली, धानाच्या रोवणीला निघालेल्या माणसाची दुमडतात तशी. उघडे पडलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून धनराज ताटाकडे बघत बसला.