गीतूच्या कोपऱ्यातला नारळ

“एका मुलीसाठी आवाराचा अख्खा कोपरा? अहो सुचित्राताई, तिथं तीन गाड्या लागतील!” सोसायटीचे सेक्रेटरी धुरीकाका म्हणाले.

“तीन कुठल्या काका? सोसायटीत गाडी एकच, ती पण तुमची,” सुचित्रा म्हणाली.

मीटिंगमध्ये हशा पिकला. धुरीकाकाही नाइलाजानं हसले, पण विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला. पुढच्या महिन्यात सुचित्रा पुन्हा उभी राहिली. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

सुचित्रा बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होती. नव्या सेक्टरांचे नकाशे उतरवता उतरवता तिनं कितीतरी बागा कागदावर काढल्या होत्या. सगळ्या एकाच साच्यातल्या. पत्र्याची घसरगुंडी, साखळ्यांचे झोपाळे, सी-सॉ. आपलीच मुलगी यातल्या कशाच्याही जवळ जाणार नाही, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं.

गीतांजली सात वर्षांची. झोपाळ्याची साखळी करकरली की ती कान दाबून खाली बसायची. तापल्या पत्र्याला नुसतं बोट लागलं तरी किंचाळायची. पोरांचा गलका वाढला की पळत सुटायची आणि जिन्याखाली सापडायची. फाजील लाड, असं शेजारणी म्हणायच्या. एक डॉक्टरही तेच म्हणाले. अखेर अशा मुलांना शिकवणाऱ्या ठाण्याच्या एका बाईंनी नीट समजावलं, “हट्टी नाहीये हो ती. आवाज आपल्याला नुसता ऐकू येतो, तिला तो लागतो. घट्ट गुंडाळून हळू झोके देऊन बघा.”

त्या दिवशी सुचित्रा घर येईपर्यंत रडली. मग तोंड धुऊन ड्रॉइंगचा कागद घेऊन बसली. मुलगी सगळ्यांसारखी खाली खेळायला जायला हवी, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यात तडजोड करायला ती तयार नव्हती.

शेवटी कंटाळून म्हणा, लाजेनं म्हणा, कमिटीनं होकार दिला. सेक्टरच्या टोकाला ड्रेनेजच्या कामातून उरलेला एक सिमेंटचा पाइप पडून होता. सुचित्रानं कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागून तो आणवला आणि आतून गोणपाट लावून घेतलं. ऑफिसच्या साडीतच ती त्या पाइपमध्ये आडवी झाली, तेव्हा बघणाऱ्यांनी तोंडाला पदर लावले. तिनं काही मनावर घेतलं नाही. आत गारवा होता, बाहेरचा आवाज मऊ होऊन येत होता. हे पास, ती स्वतःशीच म्हणाली.

राहिली गीतूला गुंडाळून झोके द्यायची झोळी. कापडाची पावसात कुजली असती. खाडीकाठच्या गावातून दारावर मासळी घेऊन येणाऱ्या यशोदाबाईंना तिनं विचारलं, “मावशी, जुनं जाळं मिळेल का?”

“जुना कशाला? आपल्या पोरीला नवा विनून देतंय मी,” यशोदाबाई म्हणाल्या, आणि खरंच त्यांनी झोळी विणून आणली.

रविवारी सकाळी उद्घाटन होतं. सुचित्राचा हात धरून गीतू एकेक पायरी उतरत होती. शेवटच्या पायरीवर ती थांबली. लांबूनच तिनं झोळीकडे टक लावून बघितलं.

तेवढ्यात गेटमधून बँजो पार्टी वाजत आत शिरली.

गीतूनं हात सोडवला आणि ती जिन्याखाली शिरली. सुचित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “कोणी बोलावलं यांना?” म्हणत ती तरातरा गेटकडे गेली. पुढे नवं लुगडं नेसलेल्या यशोदाबाई उभ्या होत्या, आनंदानं फुललेल्या.

“माजा भाचा हाय. शुभ कामाला बँजो नाय तं कसा चालंल?”

इतका जीव लावणाऱ्या बाईवर ओरडायचं तरी कसं? सुचित्रानं त्यांचा हात हातात घेतला. “मावशी, गीतूला तुमच्या झोळीत बसायचंय हो. पण हे वाजतंय तोवर ती येणार नाही.”

यशोदाबाईंचा चेहरा उतरला. पण लगेच त्या वळल्या. “बंद कर रं! पोर भ्याली माजी.”

बँजो बंद पडला. वाजवणारे वाद्यं मांडीवर घेऊन कठड्यावर ओळीनं बसले. पोरं पुढं सरकायला लागली, तशा यशोदाबाई ओठांवर बोट ठेवून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. धुरीकाकांनी नारळ फोडायला हात उगारला होता. त्यांनी सुचित्राकडे बघितलं, दगडाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

बराच वेळ गेला. मग भिंतीला धरून धरून गीतू आली. झोळीत शिरून तिनं जाळं दोन्ही बाजूंनी अंगावर ओढून घेतलं. सुचित्रानं अगदी हळू झोका दिला.

“अजून,” गीतू म्हणाली.

सुचित्राला समोरचं दिसेनासं झालं, तरी तिनं झोका थांबवला नाही.

धुरीकाका चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत, नारळ पोटाशी धरून गेटबाहेर पडले. रस्ता ओलांडून पलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर गेले. थोड्या वेळानं तिकडून नारळ फुटल्याचा बारीकसा आवाज आला.

सगळ्यांनी गीतूकडे बघितलं. तिचे हात कानांवर गेले नव्हते. ते जाळ्यातच होते.