चांदणीसाठी पडलेला फासा

मी एक जुना, वीस बाजूंचा पोलादी फासा आहे. मित्रांनो, मला खेळणं म्हणू नका, राग येतो. जालन्याच्या एमआयडीसीत राजानंदमामांनी मला घडवलं. गजाचा उरलेला तुकडा घेतला, कानस मारमारून बाजू काढल्या आणि प्रत्येक बाजूवर आकडा ठोकला. भाचा केदारसाठी त्यांनी सगळी सुट्टी माझ्यावर घालवली.

तेव्हापासून जालन्यातल्याच मस्तगडात केदारच्या मित्राच्या, सुयशच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत माझा मुक्काम. दर रविवारी सुयश एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगायचा. केदार आणि दोघांची मैत्रीण भार्गवी त्यात पात्रं होऊन खेळायचे. कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला, हे मी ठरवायचो. काय मान होता माझा! भार्गवी तर टाकण्याआधी मला ओढणीला पुसायची.

तिचं पात्र चांदणी वैद्य. शाळेपासून ती चांदणीच खेळत आली होती. खेळात वर चढली की मिळणारी प्रत्येक पायरी तिनं वैद्यकीलाच दिली. केदारच्या पात्राचं, झुंजारचं, उलटं. एक पायरी लढाईची, एक जादूची, एक चोरीची, आणि नुकतीच एक वैद्यकीची. ना धड लढवय्या, ना धड जादूगार, असं भार्गवी त्याला चिडवायची. केदार हसायचा आणि भिंतीत त्या राज्याच्या नकाशासाठी खिळा ठोकायचा. कशानं? माझ्यानं! माझा एक कोपरा पार चेपला, पण कोणाला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यांचे दोन नियम पक्के होते. मेलेलं पात्र परत येत नाही, आणि कशाला टेकून कलता पडलेला फासा धरायचा नाही, परत टाकायचा.

मग तो रविवार उजाडला. खेळात पुलावर राक्षसाशी गाठ पडली. चांदणीनं झुंजारला दोनदा मरणातून ओढून आणलं, आणि राक्षस पडता पडता त्याचा शेवटचा घाव तिच्यावरच बसला. सगळ्यांना वाचवणारी तीच, आता तिला कोण वाचवणार? भार्गवीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला येते वैद्यकी," केदार हळूच म्हणाला. "थोडी."

थोडीच येत होती, म्हणून अठरा किंवा त्याच्या वरचा आकडा हवा होता. पक्क्या वैद्याला सहासुद्धा पुरले असते. केदारनं मला मुठीत धरलं. त्याचा तळवा घामेजला होता. त्यानं टाकलं, मी गडगडत गेलो, चेपल्या कोपऱ्यावर अडखळलो आणि पाण्याच्या तांब्याला टेकून थांबलो. वर एकोणीस!

केदारनं टाळी वाजवली. भार्गवी मात्र खाली वाकून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, ही आता गप्प बसेल.

"कलता हाये, केदार. बराबर न्हाई पडला. परत टाक."

"अगं, तुझीच चांदणी मरून राह्यली!"

"माहितंय मला. टाक."

सुयशनं तांब्या बाजूला केला. केदारनं डोळे मिटून मला टाकलं. या खेपेला मी सपाट पडलो. सतरा. एका आकड्यानं हुकलं, चांदणी गेली.

भार्गवी ओंजळीत तोंड लपवून रडली. केदारनं मला उचललं आणि त्याचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर थबकला. हे आपणच केलं, खिळे ठोकून, असं त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं. भार्गवीनं डोळे पुसले, मला ओढणीला पुसलं आणि मामांकडे न्यायला परत त्याच्या हातात दिलं.

मामांनी मला सगळ्या बाजूंनी पुन्हा घासलं. मी थोडा लहान झालो, पण बराबर झालो. झुंजार आता प्रत्येक पायरी वैद्यकीलाच देतो. भार्गवीनं एका लढणाऱ्या बाईचं नवं पात्र घेतलं आहे, आणि तिला थोडी वैद्यकीही शिकवली आहे.

मित्रांनो, माणसानं एकच विद्या शिकावी की चार, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एकच काम येतं, तेवढंच करू द्या. खिळ्यासाठी घरात हातोडी असते. त्या दिवशी कोपरा शाबूत असता, तर मी कदाचित त्या एकोणीसवरच सरळ बसलो असतो.