नकाराचं कार्ड

मार्चमधल्या गावसभेत लायमन ऑर्डवे बोलायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातातले कागद असे फडफडत होते की पहिल्या रांगेतल्या बायकांना वारा लागला असेल. चौतीस वर्षं त्यानं शाळेत भूमिती शिकवली होती. पण मुलांपुढे बोलणं वेगळं, आणि तीच मुलं टक्कल पडून समोर बसल्यावर त्यांच्यापुढे बोलणं वेगळं.

सभा नेहमीप्रमाणे शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली भरली होती. अठरावा ठराव रस्ते साफ करणाऱ्या गाडीच्या टायरांचा होता, त्यानं दीड तास खाल्ला. एकोणिसावा लायमनच्या समितीचा. शेजारच्या खोलीत सहावीच्या पालकांनी जेवण मांडलं होतं, उकडलेल्या घेवड्याचा वास आत येत होता, आणि ईस्ट हार्लो गावाचं अर्धं लक्ष तिकडे होतं.

लायमननं सांगितलं ते इतकंच. तारा, खांब, मीटर, बिल सगळं कंपनीचंच राहील. वादळात वीज गेली तर फोनही कंपनीलाच करायचा. फक्त त्या तारांतून येणारी वीज कुणाकडून विकत घ्यायची, ते गाव सगळ्यांसाठी मिळून ठरवील. एकत्र घेतली की स्वस्त पडते. कुणाला समजलं नसेल म्हणून त्यानं घरी तयार केलेला दाखलाही दिला. रस्ता तोच, ट्रक तोच, फक्त बटाटे कुठल्या शेतावरून आणायचे ते गाव बघेल.

मागच्या रांगेतून मेरिल बझेल उठला. एकतीस वर्षं तो गावच्या रस्त्यांचा मुकादम होता, त्यामुळे रस्ता आणि ट्रक हे शब्द दुसऱ्या कुणी वापरले की त्याला ते आपल्या खिशातून काढल्यासारखे वाटत.

"माझे बटाटे मी ठरवतो," तो म्हणाला. "बापाच्या वेळेपासून आमच्या घरात एकाच कंपनीची वीज आहे. आता मी काय खायचं ते मास्तर ठरवणार का?"

सभाध्यक्षानं विचारलं, हा प्रश्न आहे का?

"नाही, नोटीस आहे. माझ्या सहीशिवाय गावाची वीज ज्या दिवशी माझ्या घरात शिरेल, त्या दिवसापासून समितीतल्या कुठल्याही शहाण्याबरोबर मी पत्ते खेळणार नाही."

सगळी सभा मागं वळून मेरिलकडे बघत होती, ती आता पुढं वळून लायमनकडे बघू लागली. समितीत पाच जण होते, पण मेरिल पत्ते खेळायचा तो एकाशीच. एकोणतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी दोन वाजता मेरिलच्या स्वयंपाकघरात दोघांचा क्रिबेजचा डाव बसायचा. भोकं पाडलेल्या लाकडी पट्टीवर खुंट्या सरकवत गुण मोजायचे. हेझल, मेरिलची बायको, गेली त्या आठवड्यातही डाव चुकला नव्हता. त्या दिवशी दोघांनीही गुण मोजले नाहीत, एवढंच. लायमनला त्र्याहत्तर वर्षांत ओळखी पुष्कळ झाल्या. मित्र एकच.

ठराव एकशे एकेचाळीस विरुद्ध त्रेसष्ट मतांनी मंजूर झाला आणि लोक घेवडा खायला गेले. तीन वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं, आणि लायमन न जेवताच घरी गेला.

योजना जुलैच्या पहिल्या तारखेला सुरू व्हायची होती. मे महिन्यात घरोघर पत्रं जाणार. ज्यांना योजना नको, त्यांनी सोबतच्या कार्डावर सही करून ते जूनअखेर परत धाडायचं. जे काहीच करणार नाहीत, ते आपोआप योजनेत. ही तऱ्हा कायद्यात बसत होतीच, पण लायमननं ती हिरिरीनं मांडली होती, कारण काहीही न करणं हा ईस्ट हार्लोच्या लोकांचा सर्वांत आवडता निर्णय आहे, हे त्याला वर्गात असल्यापासून माहीत होतं. पत्रं दोन प्रकारची होती. निळ्या काठाचं पाकीट सर्वांना. हिरव्या काठाचं पाकीट त्या थोड्या लोकांना, ज्यांनी आधीच स्वतःहून कुणा बाहेरच्या विक्रेत्याशी करार केला होता. त्यांना गाव आपोआप घेऊ शकत नव्हतं, त्यांना यायचं असेल तर उलट होकाराचं कार्ड भरायचं होतं. हे दोन रंग ठरवायला समितीच्या तीन बैठका लागल्या होत्या.

आता उपाय उघड होता. मेरिलनं नकाराचं कार्ड भरावं, म्हणजे वीज त्याच्या घरात शिरायची नाही आणि गुरुवार सुटायचे नाहीत. पत्रं गेल्यावर पहिल्याच गुरुवारी लायमननं हे सुचवून पाहिलं.

मेरिलनं पत्ते पिसता पिसता नकार दिला. "नको असलेली गोष्ट नको आहे म्हणून मी अर्ज करायचा? उद्या कुणी माझ्या दाराला घोडा बांधून गेला, तर तो नको म्हणून मी नगर कचेरीत अर्ज घेऊन जाऊ?"

"घोडा नाहीये तो, मेरिल. एक सही आहे."

"सही केली म्हणजे त्यांचा अधिकार मानला. वाट."

लायमननं पत्ते वाटले. पण तो मनानं हरलेला नव्हता. पुढच्या शनिवारी तो कचरा डेपोवर गेला. शनिवारी सकाळी अख्खं गाव तिथं येतं, बाटल्या एका पेटीत, पुठ्ठे दुसऱ्या पेटीत, आणि बातम्या सगळीकडे. खिशात नकाराची कार्डं आणि पेन घेऊन तो बाटल्यांच्या पेटीपाशी मेरिलची वाट बघत उभा राहिला. मेरिल आला, कार्ड बघितलं, आणि ते काळजीपूर्वक रद्दी कागदाच्या पेटीत टाकून गेला. लायमननं दुसरं कार्ड काढलं. पुढच्या शनिवारी तिसरं.

गावानं हे पाहिलं. ज्या माणसानं तीन वर्षं योजनेसाठी घसा कोरडा केला, तोच आता डेपोवर उभा राहून नकाराची कार्डं वाटतोय, याचा अर्थ लोकांनी सरळ लावला. मास्तरांना काहीतरी कळलंय. मास्तर भिडस्त, उघड बोलायचे नाहीत. एक बाई हळूच येऊन म्हणाली की मलाही द्या एक, मी कुणाला सांगणार नाही. लायमननं तिला समजवायला तोंड उघडलं, तोवर ती कार्ड घेऊन गेली होती.

सोमवारी नगर कचेरीतून रॉबर्टा गान्योंचा फोन आला. ती गावची कारकून, आणि लायमनची जुनी विद्यार्थिनी. त्रिकोणात नापास होता होता वाचलेली.

"सर, कार्डं संपलीत," ती म्हणाली. "एकोणीस नकार आलेत, त्यातले सतरा शनिवारनंतरचे. आणखी छापून घेऊ का? आणि सर, राग मानू नका, पण तुम्ही नक्की कुठल्या बाजूला आहात?"

लायमन म्हणाला की मी योजनेच्याच बाजूला आहे, फक्त एका माणसानं विरोधात जावं असा माझा प्रयत्न आहे. हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते फारसं पटलं नाही. संध्याकाळी समितीच्या अध्यक्षबाईंनी, प्रिसिला व्हार्नींनी, फोन केला आणि अतिशय गोड आवाजात त्याला डेपोवर जायची बंदी घातली. त्यानंतर ऑर्डवे घरच्या बाटल्या कोरीन, त्याची बायको, नेऊ लागली.

जूनचा शेवटचा गुरुवार उजाडला. मेरिलनं कार्ड भरलेलं नव्हतं. दोघं नेहमीसारखे खेळायला बसले. गुण मोजताना लायमनच्या बोटांतून पट्टीवरची खुंटी निसटून खाली पडली. मेरिल कॉफी आणायला उठला होता. लायमन गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. खुंटी सापडली ती टेबलाच्या चौथ्या पायाशी. तो पाय जरा तोकडा, म्हणून त्याच्याखाली एक पाकीट चौघडी करून सारलेलं होतं.

पाकिटाला हिरवा काठ होता.

लायमन टेबलाखालीच काही वेळ राहिला. हा काठ त्यानं स्वतः निवडला होता, प्रिसिलाबाईंच्या पिवळ्याविरुद्ध भांडून. म्हणजे बापाच्या वेळेपासूनची कंपनी केव्हाच सुटली होती. मेरिलनं कुठल्यातरी विक्रेत्याला सही करून दिली होती. गावाची वीज त्याच्या घरात शिरणार नव्हतीच, शिरूच शकत नव्हती, आणि हे त्या माणसाला गावसभेत गर्जना करताना ठाऊक असो की नसो, पत्र उघडल्यापासून नक्कीच ठाऊक होतं.

"सापडली का?" वरून आवाज आला.

"सापडली," लायमन म्हणाला. तो डाव तो एकतीस गुणांनी हरला.

घरी त्यानं कोरीनला सांगितलं. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाली की चला, मिटलं तर मग, तो योजनेत नाही, तुम्ही खेळा.

लायमननं मान हलवली. मिटलं कुठं? गावाच्या लेखी मेरिलनं कार्ड भरलेलं नाही, म्हणजे एक तारखेला तो योजनेत गेला. दिलेला शब्द पाळायचा तर त्यानं खेळणं सोडायला हवं. खेळायचं तर का खेळतोय ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर झाकली मूठ उघडायला हवी. मला माहीत आहे असं मी म्हणालो, तर तो मला आयुष्यात माफ करायचा नाही.

"म्हणजे त्याला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि दोघंही गप्प बसणार," कोरीन म्हणाली. "तुम्हा दोघांना मिळून एक तोंड दिलं असतं तरी पुरलं असतं."

जुलैचा पहिला गुरुवार आला. दोन वाजता लायमन पुस्तक घेऊन ओसरीत बसला आणि चार वाजेपर्यंत एकच पान वाचत राहिला. दुसऱ्या गुरुवारीही तेच पान. लोक फोन करून सांगत होते की योजना झकास सुरू झाली, बिलाच्या कागदावर एक ओळ बदलली, बाकी काही कळलंसुद्धा नाही. तो सर्वांना धन्यवाद म्हणत होता. आपण गावासाठी स्वस्त वीज आणली आणि स्वतःसाठी रिकामी दुपार, असं त्याच्या मनात येई. मग आपण उगाच स्वतःची कीव करतोय असंही येई.

तिसऱ्या गुरुवारी पावणेदोनला मेरिलचा ट्रक अंगणात आला. तो उतरला नाही. इंजिन चालू ठेवून त्यानं काच खाली केली. लायमन चप्पल घालून ट्रकपाशी गेला.

मेरिल समोर काचेतून बघत बोलू लागला. "माझा एक चुलतभाऊ आहे. तिकडे उत्तरेला, लँकेस्टर गावात."

मेरिलचे वडील एकुलते एक होते. दफनभूमीतले बझेलांचे दगड मोजले तरी हे कुणाच्याही लक्षात आलं असतं. लायमन म्हणाला, "हो का? बरा आहे ना?"

"बरा कसला, मूर्ख आहे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक पोरगी त्याच्या दारात आली. वीज विकत होती. बुटांत बर्फ गेलेला, दात वाजतायत. ह्यानं आत घेतलं, कॉफी दिली. ती म्हणे, दिवसभरात एकानंही सही दिली नाही. ह्याला वाटलं, सही केली तर पोरगी घरी तरी जाईल."

"चांगला माणूस दिसतो."

"पहिलं वर्ष दर बरा होता. मग चढला. आता शेजाऱ्याच्या दीडपट भरतोय, आणि कुणाला सांगायची सोय नाही. का, तर गावभर काहीतरी बोलून बसलाय." मेरिलनं जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "असा माणूस बाहेर असला, तर त्याला आत यायला काय करावं लागतं? लँकेस्टरचं विचारतोय मी."

लायमनला समितीचं सगळं पाठ होतं. करार मोडायला दंड आहे का ते आधी बघायचं, तो म्हणाला. तीन वर्षं झाली म्हणजे बहुधा नसेल. मग होकाराच्या कार्डावर सही करायची. ते हिरव्या काठाच्या पाकिटात येतं. चुलतभावानं फेकून तर नाही ना दिलं?

"नाही. जपून ठेवलंय."

"मग काढताना त्या जागी दुसरं काहीतरी सार म्हणावं," लायमन म्हणाला, "नाहीतर टेबल डुगडुगेल."

आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. चौतीस वर्षं वर्गात एक शब्द जास्त न बोललेला माणूस, आणि नेमका आज. मेरिलनं हळूहळू मान वळवली आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

"कधीपासून?"

"खुंटी पडली होती तेव्हापासून."

"आणि गावात कुणाला बोलला नाहीस."

"कोरीनला. ती हसली."

"हसणारच. हेझल तर पडली असती हसून." "डेपोवर सांगितलं असतंस, तर सभेतलं सगळं उट्टं निघालं असतं, मास्तर."

"लँकेस्टरच्या माणसाचं मी इथं कशाला सांगू?"

मेरिलनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. त्यानं खिशातून चार घड्या पडलेलं कार्ड काढलं, ट्रकच्या दारावर ठेवलं आणि लायमनच्या पेनानं सही केली. मग म्हणाला की आता गावाची वीज माझ्या घरात येणार ती माझ्या सहीनं, म्हणजे मी दिलेला शब्द कुठंही मोडलेला नाही, आणि दोन वाजायला दोन मिनिटं आहेत.

शनिवारी लायमनला डेपोवर जायची परवानगी परत मिळाली. तो पोहोचला तेव्हा मेरिल पुठ्ठ्यांच्या पेटीपाशी उभा राहून दहाबारा लोकांना योजना समजावत होता. करार, चुलतभाऊ, पोरगी यांतलं एक अक्षर नव्हतं. तो सांगत होता की तुम्ही सगळे मेंढरं, घरी झोपा काढल्यात आणि आपोआप आत गेलात. अख्ख्या ईस्ट हार्लोत विचार करून, वाचून, आपल्या हातानं सही करून योजनेत आलेला माणूस एकच आहे. बटाट्यांचा दाखलाही त्यानं दिला, आणि लायमनपेक्षा चांगला दिला.

"मास्तरांनासुद्धा विचारा," तो म्हणाला. "मास्तर, तू केलीस का कुठं सही?"

सगळे लायमनकडे बघू लागले. घरच्या बाटल्यांची पिशवी हातात धरून लायमननं खरं ते सांगितलं. सही केली नव्हती. काहीच केलं नव्हतं. त्याचं पत्र घरी टेबलावर आहे, निळ्या काठाचं, आणि गडबडीत ते उघडायचं राहूनच गेलंय.