तासभर मागे चालणारे खोरे

पुएर्तो किलान्तो गावाच्या रेडिओ केंद्रात दोन घड्याळे होती, आणि हिवाळ्यात त्यांचे एकमेकांशी पटत नसे. भिंतीवरचे घड्याळ सरकारी वेळ दाखवी. टेबलावरचा जुना संगणक त्याच्या तासभर मागे चाले. हिवाळ्यात घड्याळे मागे नेण्याची प्रथा या दक्षिण टोकाकडच्या मुलखापुरती सरकारने केव्हाच बंद केली होती, पण ती बातमी त्या संगणकापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम त्याआधीची. पानगळ सरत आली की तो आपणहून एक तास मागे सरके आणि वसंतात निमूटपणे पुढे येई.

ही सवय मोडणे दोन्या एदेल्मिरा बार्रियाला काही अवघड नव्हते. दोन्या ही तिकडे बाईला द्यायची आदराची हाक; पुरुषाला दॉन. ती तंत्रशाळेत शिकलेली. केंद्राचा प्रक्षेपक तिने स्वतः उभा केलेला. पहिल्याच हिवाळ्यात ती दुरुस्तीला बसलीही होती. पण वरच्या खोऱ्यातून सांगणे आले, राहू द्या. सूर्य डोंगराआडून इतक्या उशिरा वर येतो की सरकारी सकाळ म्हणजे काळोखच; रेडिओची वेळ निदान उजेडाला धरून आहे. मग ते तसेच राहिले. संगणकाचे बारा वाजले की अकॉर्डियनची एक धून वाजे आणि एदेल्मिरा निरोप वाचायला घेई. कोणी पुलापाशी घोडा आणून ठेवायचा, कोणाची आई आता बरी आहे, कोणाचे पीठ होडीने निघाले आहे. जिथे टेलिफोन नाही अशा घराघरांत माणसे चुलीपाशी हात थांबवून आपले नाव येते का ते ऐकत. त्या खोऱ्याची दुपार तेव्हा होई.

एदेल्मिरा स्वतः गावात राही आणि भिंतीवरच्या बाराला केंद्रात येई. संगणकाच्या बाराला अजून तास बाकी असे. तो तास कोणाच्याच हिशेबात नव्हता. गावाची दुपार होऊन गेलेली, खोऱ्याची अजून यायची. ती माते या कडवट पाल्याच्या चहाचे भांडे भरी, किटली चुलीवर ठेवी आणि खिडकीबाहेर पाही. सरोवरावरचे धुके तेव्हा हलकेच किनाऱ्यावर चढे. कुंपणे, होड्या, धक्क्याचे खांब एकेक करून पुसले जात, आणि केंद्राची ती खोली कुठेतरी पाण्यावर तरंगते आहे असे वाटू लागे. या तासात तिचे वयही तिच्याजवळ नसे. कधी ती पुन्हा तंत्रशाळेच्या बाकावर बसलेली असे, आणि हातातली तार अजून कशालाच जोडलेली नसे.

खोऱ्यातली माणसे गावी उशिरा पोहोचत, पण होडीवाला एलादिओ त्यांच्यासाठी खुशाल थांबे. त्याने काम सोडले आणि दवाखान्याची नवी लाँच सुरू झाली. ती कोणासाठी थांबत नव्हती. मागच्या महिन्यात म्हातारा अनानियास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रेडिओच्या वेळेने घोडीवरून खाली गावात आला, तेव्हा लाँचने पाण्यावर ओढलेली रेघसुद्धा मिटून गेली होती. एक डोळा आधीच गेलेला. दुसऱ्यात उरले होते ते धुकेच.

आज तो केंद्रात चुलीजवळ बसला होता. शेजारी ओलाया, एदेल्मिराच्या मुलाची धर्ममाता. त्या नात्याने चाळीस वर्षे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आलेल्या.

“नवी तारीख मिळाली का हो, दोन्या एदेल्मिरा?” अनानियासने विचारले.

“तारीख आता दवाखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर असते, दॉन अनानियास. आणि हा संगणक ते पान उघडत नाही. पांढरा पडदा दाखवतो नुसता.”

“मग आमचं दोघांचं सारखंच झालं की,” म्हातारा हसला. “मलाही तेवढंच दिसतं.”

ओलाया हसली नाही. “कोमाद्रे, शाळेचा मास्तर सुट्टीवर जाताना नवी सिस्टिम पेनड्राइव्हवर ठेवून गेलाय ना? मग घोडं अडलंय कुठे? का त्याची मुंज करून मग बसवणार आहेस?”

ही मुंज मराठी माणसाची. ओलाया बोलली ते बाप्तिस्म्याविषयी, पण टोमणा तोच.

“निरोपांचा प्रोग्रॅम जुना आहे,” एदेल्मिरा म्हणाली. “नव्या सिस्टिमवर तो चालेल की नाही, सांगता येत नाही. मधेच अडकलं तर रेडिओ मुका होईल. वर कोण आजारी आहे, कोण वाट बघतंय, कोणाला काही कळायचं नाही.”

“आणि तुझा तो तास जाईल,” ओलाया म्हणाली. “तेही सांग की. खिडकीत बसून काय बघत असतेस, ते मला ठाऊक नाही होय?”

एदेल्मिराने मातेच्या भांड्यात गरम पाणी ओतून ते अनानियासच्या हाती दिले. त्याने त्यातली नळी ओठांना लावली. “माझ्यासाठी काही मोडू नका. रेडिओच्या वेळेची सवय झालीय सगळ्यांना. एका डोळ्यापायी अख्ख्या खोऱ्याचं घड्याळ फिरवायचं म्हणजे...” त्याने हात पुढे करून टेबल शोधले आणि भांडे टेबलाच्या कडेबाहेर सोडले. ते फरशीवर पडले. हिरवा चोथा सगळीकडे पसरला.

“मेलं निसटलं,” तो ओशाळून म्हणाला आणि वाकून भलत्याच ठिकाणी चाचपू लागला.

एदेल्मिरा उठली. आधी तिने चोथा पुसला. मग संगणकातले निरोप, गावकऱ्यांचे आवाज, अकॉर्डियनची धून, सारे काही दोन ठिकाणी उतरवून घेतले, ते उघडते का याची खात्री केली, आणि पेनड्राइव्ह लावला.

पडदा निळा झाला. एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली. तिघे तिच्याकडे पाहत राहिले. अनानियास आवाजाच्या दिशेने. बाहेर हिम भुरभुरू लागले होते, आणि यंत्राची घरघर ऐकता ऐकता एदेल्मिराला वाटले की कोणीतरी अनोळखी या घरात राहायला येत आहे, आणि दाराशी उभे राहून बूट झटकत आहे.

मग पडद्यावर प्रश्न आला: कोणत्या ठिकाणची वेळ हवी? खाली शहरांची नावे होती.

“कोमाद्रे!” ओलाया पुढे वाकली. “राजधानीत, सान्तियागोत, अजून हिवाळ्यात घड्याळ मागे घेतात. ते निवड. तास तिथल्या तिथे राहील. कोणाला कळतंय?”

“मला कळेल ना.”

“इतकी वर्षं नव्हतं कळत?”

“इतकी वर्षं चूक यंत्राची होती. आता बोट माझं असेल.” ती म्हणाली. “लाँच परत चुकली, तर दॉन अनानियासना मी काय सांगू? सान्तियागोला विचारा?”

तिने आपल्या मुलखाचे नाव निवडले. दोन्ही घड्याळांची वेळ जुळली. खोलीत काहीच बदलले नाही. फक्त धुके आपले साधे धुके होऊन खिडकीबाहेर उभे राहिले.

दवाखान्याचे पान उघडले. तारीख पुढच्या बुधवारची होती, लाँच दोनला. निरोपांचा प्रोग्रॅम मात्र, तिला भीती होती तसाच, उघडला नाही. त्याबरोबर धूनही गेली. एदेल्मिराने मायक्रोफोन जवळ ओढला.

“खोऱ्यातल्या मंडळींनो, आजपासून रेडिओचं घड्याळ सरकारी झालं आहे. निरोप आता एक वाजता वाचले जातील. म्हणजे तुमच्या जेवणाची वेळ तीच, तिचं नाव तेवढं वेगळं. मेंढ्या उजेड पाहून सोडा. त्यांना घड्याळ कधीच नव्हतं.”

बुधवारी ती धक्क्यावर गेली तेव्हा एकही वाजला नव्हता. अनानियास आधीच तिथे होता. त्याच्याबरोबर अर्धे वरचे खोरे होते. कोणी चीज आणलेले, कोणी त्याची पिशवी धरलेली; त्याची मुलगी तेवढी मेंढ्यांसाठी वर राहिलेली. मागची लाँच चुकल्यापासून सगळ्यांनी एक धडा पक्का केला होता, की सरकारी वेळ सांगितली की त्यातून एक तास वजा करायचा. रेडिओ सुधारला, पण वजाबाकी कोणी सोडली नव्हती.

“अहो, मी सांगितलं होतं ना, आता वजा नका करू म्हणून?”

“सांगितलं होतं,” अनानियास म्हणाला. “पण सरकार म्हटलं की विश्वास बसत नाही.”

धुक्यात सगळे बसून राहिले. कोणीतरी शेकोटी पेटवून किटली ठेवली. बोलणे मंद होत होत थांबले. मातेचे भांडे एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिले, आणि म्हाताऱ्याच्या हातात देताना प्रत्येक जण त्याची बोटे मिटेपर्यंत सोडत नव्हता.

लाँच आली. दोघांनी दंडाला धरून त्याला आत उतरवले. दोरी सुटली, आणि पांढऱ्या पाण्यावरून इंजिनाचा आवाज तेवढा लांबवर ऐकू येत राहिला.

त्या दिवशी निरोप प्रथमच उशिरा सुरू झाले. धून नव्हती, चुलीतले लाकूड तडकत होते, ते ऐकू गेले असेल. एदेल्मिराने पहिला निरोप वाचला:

“वरच्या पुलाजवळच्या दोन्या सेलिंदासाठी. तुमचे वडील लाँचमध्ये बसले. घोडी माझ्या अंगणात आहे. तिला चारा घातला आहे.”