हात पोहोचतो तिथे

"माझा पट्टा सोडू नका हं, काटेसाहेब," खाणीच्या कडेवर पालथा पडलेला दंतवैद्य म्हणाला. "नवा आहे."

"आणि पँट?"

"पँट जुनी आहे, पण तिच्यात मी आहे."

खाली हिरवं पाणी होतं. किती खोल, ते कोणालाच माहीत नव्हतं. कडेला एक गंजका लोखंडी खांब पाण्याच्या बाजूला कलून उभा होता आणि दंतवैद्याचा उजवा हात त्याची मागची बाजू चाचपत होता. लोकांच्या अक्कलदाढेपर्यंत बिनदिक्कत जाणारा तो हात. डबे शोधणाऱ्यांच्या मंडळातही त्याला अक्कलदाढ याच नावाने ओळखत.

"सूचना काय आहे? 'उभ्या उभ्या हात पोहोचतो, वाकायचं नाही.' मग तुम्ही आडवे का?" काटेसाहेबांनी विचारलं.

"उभा राहिलो तर खाली जाईन म्हणून. वहिनींनी इथे उभं राहून डबा ठेवला तरी कसा, देव जाणे. बाईंना मानलं पाहिजे!"

वहिनी म्हणजे काटेसाहेबांची बायको, आणि ती इथे उभी राहिली होती की नाही, हाच तर प्रश्न होता. "राहू द्या, नसेल तिथे," असं ते म्हणाले खरं, पण कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले.

"अजून जरासं... जरासं..." असं दंतवैद्य रुग्णाला सांगतो तसं स्वतःलाच सांगत होता. तेवढ्यात खांब हलला. त्याच्या बुडाशी माती अशी नव्हतीच. खांब गेला, खांबाला धरलेला हात गेला आणि हातामागून बाकीचा माणूस गेला. बक्कल सुटून पट्टा काटेसाहेबांच्या मुठीत राहिला. नवाच होता.

काही वेळ नुसतेच खडे पडत राहिले. मग खांब पाण्यात पडल्याचा आवाज आला. मग खालच्या टप्प्यावरून दंतवैद्याचा. तो ओरडला, तेव्हा काटेसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणाची किंकाळी ऐकून बरं वाटलं.

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने गावात कुठेतरी छोटासा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायचे आणि बाकीच्यांनी सुटीच्या दिवशी हातात फोन धरून तो शोधायचा. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं. डब्यातली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा, होता तिथे परत. बक्षीस काही नाही, त्यामुळे शिकलेसवरलेले लोक यात जिवावर उदार होतात. गाव लहान. जागेचे सुरुवातीचे आकडे सगळ्या डब्यांना सारखेच, बदलतात ते अक्षांशाचे शेवटचे तीन आणि रेखांशाचे शेवटचे तीन.

काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानाच्या दारात त्यांची सावली पडली की तराजूवरचे अंगठे आपोआप उचलले जात. केसभर खोट त्यांना लांबून दिसे. घरातली मात्र, जवळ असल्यामुळे म्हणा, दिसत नसे.

बायको हयातभर इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती. गावातला हवा तो नंबर तिच्या जिभेवर. पुढे तिच्या जागी एक ध्वनिमुद्रित बाई आली. ही बाई कोणाला काही जोडून देत नसे, फक्त एक दाबा, दोन दाबा सांगे. बायको निवृत्त झाली आणि रविवारी नवऱ्याबरोबर डबे शोधायला लागली. मंडळाने तिचं नाव ठेवलं एक्स्चेंजबाई. जागेचे आकडे ती कधी लिहून घेत नसे. डबा लपवून घरी येईपर्यंत डोक्यात ठेवायची आणि आल्यावर धडाधड सांगायची. नवरा टाइप करायचा. संसारात एवढी कामाची वाटणी फार कमी ठिकाणी जमते.

हा डबा ठेवायचा त्या रविवारी काटेसाहेबांचा गुडघा सुजला होता. ती एकटीच डबा पिशवीत टाकून गेली आणि तशी लवकरच परत आली.

"सांग आकडे."

"चार दोन सात, शून्य सहा एक." एका दमात, ताल धरल्यासारखं. "आणि सूचना लिहा, उभ्या उभ्या हात पोहोचतो. वाकायचं नाही."

नकाशाने खूण नेऊन ठेवली ती जुन्या दगडखाणीच्या कडेवर.

"अगं, खाणीवर गेली होतीस?"

"गेले की."

खाणीची पांढरी धूळ एकदा पायाला लागली की आठवडाभर सुटत नाही. दारातल्या तिच्या चपला काळ्या कुळकुळीत होत्या. काटेसाहेबांनी त्या पाहिल्या. वाटेत धुतल्या असतील, असं त्यांनी ठरवलं. एखाद्या दुकानदाराने असलं कारण दिलं असतं तर त्याचा तराजू जप्त झाला असता.

पुढच्या रविवारी एकजण हात हलवत परत आला. त्याच्यानंतर आणखी चौघे. मंडळात डबा न सापडणं हे लपवणाऱ्याच्या विद्वत्तेचं लक्षण मानतात. संकेतस्थळावर कौतुकाचा पूर आला. 'बाईंनी शेवटी बाजी मारलीच!' कोणी लिहिलं, 'ही डब्याची जागा नाही, हे तत्त्वज्ञान आहे.' काटेसाहेब हे सगळं तिला मोठ्याने वाचून दाखवत. ती लाजायची.

"मला तरी सांग, नक्की कुठे ठेवलास?"

"सांगितलं तर मजा काय राहिली, अहो?"

मग ते गुपचूप, एकटेच, तीन वेळा खाणीवर जाऊन आले.

घरात तोवर वस्तू नाहीशा व्हायला लागल्या होत्या. आधी तिच्या स्कूटरची किल्ली गेली. मग शेगडीच्या मोठ्या बर्नरची कळ. त्याआधी एका संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा दारातच गॅसचा वास आला होता. खिडक्या बंद, कळ पूर्ण उघडी, आणि ही शेजारच्या खोलीत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. "वारा आला असेल," ती म्हणाली. हेही त्यांनी मान्य केलं. कळ गेल्यापासून ते पकडीने बर्नरचा खुंट फिरवत. "हल्ली चहाचं तुम्हीच बघा. मी शेगडीकडे जात नाही," असं तिने जाहीर केलं, तेव्हा निवृत्त बायकांचे लाड म्हणून त्यांनी तेही पत्करलं.

लेक दूरच्या शहरात होती. ती फोनवर म्हणायची, "बाबा, आईला एकदा डॉक्टरांना दाखवा."

"कशाला? काय झालंय तिला?"

काटेसाहेबांनी स्वतःपुरती एक परीक्षा नेमली होती. डबा तिने दिलेल्या आकड्यांवर सापडला तर ती ठणठणीत आहे. बाकीचं म्हणजे वय, वारा वगैरे. आणि नाही सापडला तर... त्या वाक्याच्या पुढे ते जात नसत. म्हणून अक्कलदाढ जेव्हा "चला काटेसाहेब, आज खांबाच्या मागे हात घालून बघू," म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याचा पट्टा धरला.

दंतवैद्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. काटेसाहेब बायकोला घेऊन त्याला भेटायला गेले. तेच तिचं इस्पितळ.

"खोली कुठली, विचारून येतो. तू इथेच उभी राहा," ते म्हणाले.

ते वळले तेव्हा ती उभी नव्हती. चौकशीच्या खिडकीमागे, तिथल्या मुलीच्या खुर्चीवर बसली होती. कानाला रिसीव्हर, पाठ ताठ, आवाज तीस वर्षांपूर्वीचा.

"थांबा हं, जोडून देते. लाइन सोडू नका."

"आजी, अहो आजी, इथे नाही बसायचं," मुलगी म्हणत होती.

"थांब गं, बाळंतिणीच्या वॉर्डातून आहे." तिचा दुसरा हात टेबलावर लाइन जोडायच्या वायरी शोधत होता. वायरी नव्हत्या. हात शोधतच राहिला.

"अगं, चल. ड्यूटी संपली," काटेसाहेब म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. क्षणभर ते कोण आहेत ते तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. मग आलं. "उशीर झाला का? घरी फोन करायचा राहिला," ती म्हणाली आणि रिसीव्हर अगदी जपून जागेवर ठेवला.

वर दंतवैद्य पाय टांगून खुशीत होता. "वहिनी, दंडवत! साष्टांगच घातला मी तुमच्या डब्याला. पण काळजी नको. या रविवारी सगळं मंडळ दोर घेऊन जाणार आहे. कडेवरून खाली उतरून बघणार."

"उतरून कशाला? उभ्या उभ्या हात पोहोचतो," ती म्हणाली.

"ऐकलंत? ऐकलंत?" दंतवैद्याला हसू आवरेना. "शेवटपर्यंत दाद नाही देणार!"

काटेसाहेब खिडकीबाहेर बघत होते. रविवारी दोर घेऊन जाणारे सगळे त्यांच्या ओळखीचे होते. दोन आजोबा होते, नुकतं लग्न झालेलं एक जोडपं होतं. एक वाक्य लिहिलं असतं की पुरे होतं. 'डबा तिथे नाही.' पण ते लिहिणं म्हणजे दुसरं एक वाक्य लिहिणं होतं.

शनिवारी दुपारी लेकीचा फोन आला. बायको आत झोपली होती.

"बाबा, त्या दातांच्या डॉक्टरांचं कळलं. काय वेड आहे हे? मी ते पान उघडलंय आत्ता. हा आईचा डबा ना?"

"हो."

"आकडे कोणी टाकले?"

"मीच. तिने सांगितले ते."

लेकीने आकडे म्हटले, शाळेतला पाढा म्हणतात तशा चालीवर. "चार दोन सात, शून्य सहा एक. बाबा, हा आपल्या घरचा जुना नंबर आहे."

"कसला नंबर?"

"फोनचा! पॅसेजमधल्या. तुम्हाला माहीत नाही?"

काटेसाहेबांना खरंच माहीत नव्हता. तो फोन त्यांनी जन्मभर फक्त उचलला होता. रोज ड्यूटी संपली की एक्स्चेंजवरून ती करायची, "निघाले हं" म्हणायची, ते "बरं" म्हणायचे. आपल्याच घराचा नंबर फिरवायची वेळ माणसावर सहसा येत नाही.

"आईने माझ्याकडून पाठ करून घेतला होता," लेक म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "म्हणायची, कधी हरवलीस ना, तर घाबरायचं नाही. कोणी विचारलं की एवढाच नंबर सांगायचा."

फोन ठेवल्यावर ते उठून पॅसेजमध्ये गेले.

टेलिफोन जाऊन वर्षं झाली होती, त्याची फळी भिंतीवर तशीच होती. तिच्यावर आता मेणबत्त्या, बंद पडलेली घड्याळं आणि कशाची ते कोणालाच ठाऊक नसलेली झाकणं असत. रोज सकाळी कामावर जाताना काटेसाहेबांचा खांदा तिला घासून जाई. ते फळीसमोर सरळ उभे राहिले. हात वर केला. वाकावं लागलं नाही. फळीखालच्या लोखंडी पट्टीला, लोहचुंबकाने घट्ट चिकटलेला, डबा होता.

तिने सांगितलेली खूण बिनचूक होती. खोट असलीच तर नकाशात होती. त्यांनी नेमलेल्या परीक्षेत बायको पास झाली होती, आणि ते भिंतीला टेकून उभे होते.

झाकण उघडलं. नाव लिहायचा कागद कोरा. पेन्सिल. त्याखाली स्कूटरची किल्ली. त्याखाली, रुमालात नीट गुंडाळून, शेगडीची कळ.

वस्तू हरवल्या नव्हत्या. तिने त्या स्वतःपासून लपवल्या होत्या. जी माणसं बंद खिडक्यांतून वारा आला हेही बिनधास्त मान्य करतात, त्यांच्या घरात कोणीतरी एवढं करायला हवं होतंच. नंतर ती ते लपवलेलंही विसरली असेल किंवा नसेलही. ते विचारायची सोय आता नव्हती.

त्यांनी फोन काढला, मंडळाचं पान उघडलं. 'डबा खाणीवर नाही. आकडे चुकीचे गेले, चूक माझी. उद्या कोणीही जाऊ नये.' मग खालचं बटण दाबलं. 'ही खूण कायमची काढून टाकायची आहे का?' होय. त्यानंतर लेकीला लिहिलं, 'सोमवारी डॉक्टरांकडे नेतो. तू येशील का?'

कागदावर नाव लिहायला त्यांनी पेन्सिल उचलली होती. डबा पहिल्यांदा ज्याला सापडतो त्याचा मान मोठा. त्यांनी पेन्सिल परत ठेवली. कळ रुमालात गुंडाळली, किल्ली तिच्यावर, झाकण लावलं. डबा होता तसा, होता तिथे.

"कोण आहे?" आतून आवाज आला. ती दारात उभी होती, केस विस्कटलेले. बघत राहिली. मग ओळख पटली असावी, कारण तिने विचारलं, "आलात का खाणीवरून? सापडला?"

"नाही," काटेसाहेब म्हणाले.

ती हसली. मंडळातल्या कोणाला ते हसू दिसलं असतं तर त्याने त्यावर आणखी एक अभिप्राय लिहिला असता. "नाहीच सापडायचा," ती म्हणाली. "चहा करता?"

ते स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी घातलं. ओट्यावरची पकड उचलली आणि बर्नरच्या खुंटाला लावून हळूहळू फिरवली.